सहा चाकी ट्रकवरचा अँटेना: इंदुरातल्या कामाच्या नोंदी

गाडी २४ व्होल्टची, सहा चाकी. केबिन लोखंडी, पुढे कलणारी. मागे लोखंडी सांगाडा आणि लाकडी फळ्यांचा डाला. सेट म्हणजे गाडीत बसवायचा, बोलता-ऐकता येणारा रेडिओ: १० मीटर पट्ट्याचा (२८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा), १३.८ व्होल्टवर चालणारा, एफएमवर १० वॅट. अँटेना सीबीसाठी (सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ) बनलेला: खाली कॉइल, वर १२१ सेंटिमीटरचा स्टीलचा रॉड. परवाना हौशी रेडिओचा, म्हणून काम २८.४ मेगाहर्ट्झवर. सीबीच्या २७ मेगाहर्ट्झवर गाडीबाहेर अँटेना लावून बोलणे हा परवान्याचा निराळा प्रश्न आहे, तो इथे घेतलेला नाही. पण वॉशर, अर्थ (गाडीच्या लोखंडाशी असलेला जोड) आणि पाणी यांना पट्टा कळत नाही. दोष दोन्हीकडे तेच.

३ नोव्हेंबर

अँटेनाला हात लावण्याआधी सेट डमी लोडवर घेतला. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध), मध्ये एसडब्ल्यूआर मीटर, मीटरला अर्ध्या मीटरची जोडकेबल. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली शक्ती किती परत येते याचा आकडा: १ उत्तम, जितका जास्त तितका वाईट. वाचन १.१. म्हणजे सेट, मीटर आणि जोडकेबल तिन्ही ठीक, यापुढे जे बिघडेल ते बाहेरचे. दहा मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक जण नेमके हेच गाळतात. मग आठवडाभर अँटेनाशी झटतात आणि शेवटी जोडकेबलच तुटलेली निघते.

ब्रॅकेट डाव्या आरशाच्या दांड्यावर कसले. स्टड ३/८ इंची, इंचाला २४ आटे. सियागंजात नट मागितला की १० मिलिमीटरचा हातात येतो. तो एक-दोन आटे चढल्यासारखा वाटतो आणि पान्याने दामटला की स्टडचे आटे खातो. ब्रॅकेटसोबत आलेला नट हरवायचा नाही, एवढेच.

केबल आरजी-५८ जातीची (मधे तार, भोवती तांब्याच्या वेणीचे कवच), ५.५ मीटर, दाराच्या रबरातून आत. दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर. आरजी-५८ बारीक असल्याने कनेक्टरमध्ये रिड्यूसर (भोक लहान करणारी नळी) लागतो, तो वेगळा मागून घ्यावा. जेल रोडवर कनेक्टर देताना रिड्यूसर कोणी आपणहून देत नाही.

पहिले वाचन: मीटरची सुई पार टोकाला, १० च्या वर. बटण दोन सेकंदांत सोडले. ३ च्या वर एसडब्ल्यूआर असताना बोलत राहिले तर सेटमधले आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. तपासणीपुरते दाबायचे, आकडा वाचायचा, सोडायचे.

खर्च: अँटेना २,८०० रुपये, ब्रॅकेट ६५०, केबल आणि दोन कनेक्टर मिळून ४६०.

४ नोव्हेंबर

सुई पार टोकाला जाण्याची कारणे बहुधा दोनच असतात: कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कुठेतरी तुटले आहे. मल्टिमीटर काढला. केबल सेटपासून सोडवली आणि मधली पिन ते बाहेरचे कवच मोजले: ०.३ ओहम. शॉर्ट.

इथे एक फसगत आहे. काही जातींच्या कॉइलचे खालचे टोक आतूनच अर्थला जोडलेले असते, त्यामुळे असा अँटेना लावलेला असताना मल्टिमीटर शॉर्टच दाखवणार आणि तो दोष नसतो. म्हणून आधी अँटेना स्टडवरून काढायचा, मग मोजायचे. अँटेना काढूनही ०.३ ओहमच राहिले, तेव्हा दोष अँटेनात नसून ब्रॅकेटमध्ये किंवा केबलमध्ये असल्याचे नक्की झाले. ब्रॅकेट उघडले.

स्टड ब्रॅकेटच्या भोकातून जातो, पण त्याने ब्रॅकेटच्या लोखंडाला शिवायचे नसते. त्यासाठी नायलॉनचा कॉलरवाला वॉशर असतो. त्याची कॉलर भोकाच्या आत बसली पाहिजे. ब्रॅकेटवरच्या पावडर कोटिंगने भोक लहान झाले होते, कॉलर आत गेलीच नाही, वॉशर नुसता वर बसला आणि स्टड एका बाजूला लोखंडाला टेकला. बाहेरून पाहिले तर सगळे नीटनेटके. गोल कानशीने भोक अर्धा मिलिमीटर वाढवले, कडांची धार काढली, कॉलर बोटाने दाबून आत बसते हे पाहिले आणि मग कसले. नट फार आवळला तर नायलॉन चेपतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच शॉर्ट. हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे.

अँटेना न लावता मोजले: पिन ते कवच उघडे (म्हणजे जोड नाही), पिन ते स्टड ०.२ ओहम. दीड तास गेला. त्यातला सव्वा तास दोष शोधण्यात.

५ नोव्हेंबर

या दिवशी झालेली चूक सगळ्यात महाग पडली, म्हणून सविस्तर लिहितो.

शॉर्ट गेल्यावर वाचने अशी: २८.० वर २.९, २८.४ वर ३.१, २८.८ वर ३.३. नियम सगळ्यांना पाठ असतो: वरच्या फ्रिक्वेन्सीला एसडब्ल्यूआर जास्त तर अँटेना लांब, खालच्या बाजूला जास्त तर आखूड. अँटेना सीबीचा, म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तेव्हा २८.४ साठी तो लांब असणारच. तर्क बरोबर होता. रॉड कापायला घेतला.

३ सेंटिमीटर कापला: २८.४ वर ३.० आला. आणखी ३: ३.०. आणखी ३: २.९. आणखी २: २.८. एकूण ११ सेंटिमीटर गेले आणि सुई तीन दशांश हलली.

पहिल्या कापानंतरच थांबायला हवे होते. एवढ्या लांबीच्या रॉडवर १ सेंटिमीटर कापला की तळ (एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असते ती फ्रिक्वेन्सी) साधारण १३० किलोहर्ट्झ वर सरकतो. ३ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४०० किलोहर्ट्झ. एवढे सरकूनही आकड्यात फरक दिसत नसेल तर दोष लांबीत नाही. शिवाय ८०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २.९ ते ३.३ एवढाच चढ हेही लक्षण होते: चांगल्या अर्थवर बसलेल्या, कॉइलवाल्या आखूड अँटेनाचा आलेख दरीसारखा दिसतो, असा सपाट पठारासारखा नाही. तीनच ठिकाणी मोजले की दरी कुठे आहे हे कळतच नाही.

रॉड कापायला ग्राइंडरची पातळ चकती वापरली. हे स्टील कडक असते, पक्कड किंवा कटर लावला तर कटरचे तोंड जाते आणि रॉड चिरतो. गॉगल लावूनच, तुकडा सणकन उडतो.

८ नोव्हेंबर

नॅनोव्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार एसडब्ल्यूआरचा आलेख काढणारे छोटे यंत्र) उसना आणला. आधी जोडकेबलच्या टोकाशी ओपन, शॉर्ट, लोड असे कॅलिब्रेशन. २५ ते ३१ मेगाहर्ट्झ आलेख काढला. तळ २८.१ ला, पण तळालाही एसडब्ल्यूआर २.६. उथळ खळगा, दरी नाहीच.

मग तीन साध्या चाचण्या केल्या. दोष पकडणारी हीच, म्हणून क्रमाने.

केबिनमधली केबल मुठीत धरली: तळ २०० किलोहर्ट्झ सरकला. केबलला हात लावल्याने अँटेनाचे वाचन बदलत असेल तर केबलच्या कवचाची बाहेरची बाजूच अँटेनाचा अर्धा भाग बनलेली असते.

मधे आणखी अर्ध्या मीटरची जोडकेबल घातली: २८.४ वर २.८ चे ३.४ झाले. केबल ५० ओहमची असेल आणि तिच्या बाहेरून करंट वाहत नसेल तर लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआर असा बदलत नाही. बदलला, म्हणजे वाहतो आहे. ‘केबल १८ फूटच पाहिजे’ असे जे ठासून सांगतात त्यांच्या गाडीतही बहुधा हेच झालेले असते: खराब अर्थ, आणि केबलच्या एका ठरावीक लांबीला तो दोष मीटरवर झाकला जातो.

दार उघडले आणि बंद केले: २.८ आणि ३.४. दाराच्या उघडझापीने आकडा बदलतो म्हणजे दार अर्थच्या रस्त्यात आहे, आणि दाराला अर्थ बिजागरीतून, मिळेल तसा.

मल्टिमीटर: ब्रॅकेट ते दाराचा पत्रा, उघडे. ब्रॅकेटवर पावडर कोटिंग, दांड्यावर रंग, दांड्याच्या बुडाशी रबराची गादी आणि प्लास्टिकची टोपी. दार ते केबिनचा खांब ०.५ ओहम, पण दार हलवले की १ ते ४० ओहम नाचते. केबिन ते चासी ०.४.

हे ०.४ आणि ०.५ पाहून समाधान मानू नये. मल्टिमीटर बॅटरीच्या करंटचा रस्ता मोजतो, आणि वायरिंग हार्नेसमधली एक बारीक काळी तारही त्याला पुरते. २८ मेगाहर्ट्झला दोन मीटरची वळणावळणाची तार म्हणजे अर्थ नव्हेच, ती स्वतःच एक कॉइल असते. तिथे रुंद आणि आखूड पट्टी लागते.

९ नोव्हेंबर

पूर्ण दिवस अर्थिंगवर. आधी बॅटरीचा कटऑफ बंद.

पट्टी: कथिल चढवलेल्या तांब्याची चपटी वेणी, १६ मिलिमीटर रुंद, दोन मीटर, १५० रुपये मीटरने. न मिळाल्यास जुन्या आरजी-२१३ केबलची बाहेरची वेणी सोलून, ताणून चपटी करून वापरता येते, पण तिच्यावर कथिल नसेल तर पावसाळ्यात हिरवी पडते.

पट्टी १: ब्रॅकेट ते दाराचा पत्रा, २२ सेंटिमीटर. ब्रॅकेटच्या क्लॅम्पखालचा रंग दांड्यावरून खरवडला, पण दांडा स्वतःच रबरावर असल्याने त्यावर भरवसा ठेवला नाही.

पट्टी २: दार ते केबिनचा पुढचा खांब, बिजागरीच्या बाजूने, १८ सेंटिमीटर. दार पूर्ण उघडेल एवढी ढील.

पट्टी ३ आणि ४: केबिनची मागची बाजू ते चासी, डावी-उजवी, प्रत्येकी ३५ सेंटिमीटर. केबिन पुढच्या बाजूला रबरी बुशांवर आणि मागे लॉकवर बसते, त्यामुळे लोखंडाला लोखंड टेकलेले दिसले तरी मधे रबर, रंग आणि ग्रीस असते. केबिन कलवायच्या आधी पट्टीची चासीकडची बाजू सोडावी लागते. तिथे विंगनट लावला आणि बाजूला पिवळ्या रंगाचा ठिपका मारला, म्हणजे मेकॅनिकला दिसेल. नाहीतर पहिल्याच सर्व्हिसिंगला पट्टी तुटणार.

प्रत्येक जोडाची पद्धत एकच. २० मिलिमीटर व्यासाचा गोल चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला. पट्टीच्या टोकाला रिंग टर्मिनल दाबून वर सोल्डर. टर्मिनल आणि पत्रा यांच्यामध्ये दातेरी वॉशर, ८ मिलिमीटरचा बोल्ट. कसून झाल्यावर वरून ग्रीस, मग रंगाचा हात. क्रम उलटा करायचा नाही: आधी ग्रीस फासून कसलेला जोड मल्टिमीटरला चालतो, गाडी हलायला लागली की बेभरवशाचा होतो.

केबिनचे काम करणाऱ्या मिस्त्रीला रंग खरवडणे अजिबात पसंत नव्हते. “साहेब, इथून गंज सुरू होईल,” हे त्याने चार पट्ट्यांना चार वेळा सांगितले, आणि ते खोटे नाही. म्हणून ग्रीस आणि रंग टाळू नका.

वेल्डिंग करून पट्टी लावण्याचा सल्ला मिळाला, मानला नाही. गाडीत ईसीयू (इंजिनचा संगणक) आहे, वेल्डिंगच्या करंटने तो बिघडू शकतो. भोक पाडतानाही पत्र्यामागे हार्नेस नाही हे आतून हात घालून पाहिले.

संध्याकाळी पुन्हा आलेख. तळ आता दरीसारखा, एसडब्ल्यूआर १.४. केबल मुठीत धरली, हलला नाही. दार उघडले, हलला नाही. जोडकेबल वाढवली, १.४ च्या जागी १.४.

आणि तळ कुठे? २८.८५ ला. ५ तारखेला कापलेल्या ११ सेंटिमीटरांपैकी साडेतीन सेंटिमीटर जास्तीचे कापले गेले होते. अर्थ खराब असताना दिसत असलेला तळ खोटा होता, आणि त्या खोट्या तळाचा पाठलाग करत रॉड संपवला होता. २८.४ वर वाचन २.१.

तुलनेसाठी: एसडब्ल्यूआर ३ ला पाठवलेल्या शक्तीपैकी २५ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, १.५ ला ४ टक्के. १.५ च्या खाली आल्यावर आणखी दोन दशांशांसाठी रविवार घालवू नये.

१० नोव्हेंबर

आखूड झालेला रॉड वाढवण्याचे उपाय. रॉड कॉइलच्या वरच्या खोबणीत दोन एलन स्क्रूंनी धरलेला असतो. खोबणीतून तो १.२ सेंटिमीटर वर ओढला, आत निदान १५ मिलिमीटर राहिलाच पाहिजे. तळ २८.६९ वर.

उरलेल्या सव्वादोन सेंटिमीटरांसाठी: घरातल्या वायरिंगला लागणाऱ्या कनेक्टर पट्टीचे प्लास्टिक कापले की आत पितळी नळी मिळते, दोन बाजूंना दोन स्क्रू असलेली. ती रॉडच्या टोकावर बसवली, वरच्या बाजूने कापलेल्या रॉडचाच तुकडा. टोक थोडे जाड झाल्याने तेही फ्रिक्वेन्सी खाली ओढते, त्यामुळे हिशेबापेक्षा थोडा कमी तुकडा पुरला. तळ २८.४३. वाचने: २८.० वर १.७, २८.४ वर १.३, २८.८ वर १.६.

२९.६ ला, जिथे एफएम चालते, अजूनही ३ च्या जवळ. कॉइलवाला आखूड रॉड दोन्ही टोके सांभाळत नाही. एक निवडावे लागते, २८.४ निवडले. २९.६ हवेच असेल तर दुसरा रॉड कापून ठेवायचा आणि एलन कीने बदलायचा.

पितळी नळी ही तात्पुरती सोय. हायवेवर ती सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जाऊ शकते. नवा रॉड मागवला, ७०० रुपये. ५ तारखेच्या घाईची किंमत हीच.

१५ नोव्हेंबर

नवा रॉड आला. यावेळी आधी ६ सेंटिमीटर कापून मोजले (२८.२), मग अर्धा अर्धा सेंटिमीटर. ७.५ ला थांबून बाकीचे खोबणीत वर-खाली करून जुळवले. २८.४ वर १.३. पंचवीस मिनिटे.

मोजताना गाडी मोकळ्या जागी, दारे बंद, माणसे रॉडपासून दोन मीटर दूर. शेडखाली किंवा दुसऱ्या ट्रकला खेटून घेतलेले वाचन फेकून द्यावे. ट्रान्समिट चालू असताना रॉडला हात लावू नये, १० वॅटलाही बोट भाजते, आणि तो चटका आतपर्यंत जातो.

१६ नोव्हेंबर

अँटेना सुधारला आणि नवीच तक्रार: गोंगाट. इंजिन बंद असतानाही एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा) ७ वर. अँटेनाची वायर सेटमागून काढली की शून्य, म्हणजे गोंगाट अँटेनातून येतो आहे. आधी तो ऐकू येत नव्हता कारण अँटेनाच बहिरा होता.

सेटला २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर सीटच्या मागे. सेट सुट्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवून कन्व्हर्टर बंद केला: एस-मीटर २. चोर सापडला. उपाय या क्रमाने: कन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींत पिळल्या, बाहेर जाणाऱ्याही तशाच. दोन्ही जोड्या गोंगाट अडवणाऱ्या वेगवेगळ्या फेराइट रिंगमधून सहा-सहा वेढे. कन्व्हर्टर उचलून उजव्या बाजूला, अँटेनाच्या केबलपासून मीटरभर दूर. सेटजवळ अँटेनाच्या केबलवर फेराइटचे पाच क्लिप. उरले एस ३ ते ४. यातला सर्वात जास्त फरक कन्व्हर्टर हलवल्याने पडला, जो फुकट होता. रिंगा आणि क्लिप ६२० रुपये.

ऑटो इलेक्ट्रिशियन एक सोपा उपाय सुचवतात: दोन बॅटऱ्यांपैकी खालच्या एकीवरून थेट १२ व्होल्ट काढा, कन्व्हर्टरच नको. गोंगाट जातो, पण काही महिन्यांत एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोन्ही बदलाव्या लागतात. करू नका.

२३ नोव्हेंबर

गाडी हाय-प्रेशरने धुऊन आली आणि एसडब्ल्यूआर १.३ चा २.४. तासाभराने २.०, दुसऱ्या दिवशी उन्हात १.५. वाळल्यावर सुधारणारा दोष म्हणजे पाणी.

अँटेना काढून पिन ते कवच: उघडे असायला हवे, ३८ किलोओहम दाखवले. ब्रॅकेटखालचा कनेक्टर उघडला. वर नुसती पीव्हीसी टेप गुंडाळली होती, तीही वरून खाली, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाण्याला आमंत्रण देत होती. आत रिड्यूसरवर हिरवट चिकटा, आणि केबलची वेणी तपकिरी. वेणी वातीसारखी पाणी ओढते. सोलत गेलो तर १० सेंटिमीटरला काळी, ३० ला तपकिरी, ५५ ला कुठे चकचकीत तांबे लागले. तेवढी केबल फेकली.

नवा कनेक्टर. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने पीएल-२५९ चे अंग तापतच नाही, सोल्डर गोळी होऊन वर बसते आणि तोवर आतला पांढरा इन्सुलेटर वितळून मधली तार सरकते. १०० वॅटचे आयर्न, चटकन तापवून चटकन काढायचे. सोल्डरआधी कनेक्टरच्या भोकांतले निकेल कानशीने घासले, निकेलवर सोल्डर नीट धरत नाही. थंड झाल्यावर पिन ते कवच पुन्हा उघडे.

पाण्यासाठी: आधी आत गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी कनेक्टर लावण्यापूर्वीच केबलवर सरकवून ठेवायची (विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून, एकदा विसरलो). तिच्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, दुप्पट ताणून, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. तिच्यावर उन्हासाठी पीव्हीसी टेप. आणि कनेक्टरखाली केबलला १० सेंटिमीटरचा झोका, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, केबल धरून आत जाणार नाही. शिरक्याचा वास येणारा सिलिकॉन वापरू नये, त्यातले आम्ल तांबे खाते.

बादलीभर पाणी ओतून मोजले: १.३ चे १.३.

२७ नोव्हेंबर

राऊ सर्कलच्या पुढे खड्ड्यात चाक गेले की आवाज तुटतो, थांबल्यावर सगळे ठीक. असा दोष उभ्या गाडीत शोधायला एक जण व्हीएनए पाहतो, दुसरा केबल इंच-इंच हलवतो. दाराच्या रबराशी आल्यावर आलेख उडाला. दार रोज आपटून केबल चपटी झाली होती, आतली तार वेणीला टेकत होती.

केबल दाराच्या कडेवरून काढून बिजागरीच्या बाजूच्या रबरी नळीतून घेतली, जिथून आरशाच्या वायरी जातात. वळणे ५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नाहीत. आरजी-५८ पूर्ण ५.५ मीटर नवी, २६० रुपये. सुरुवातीलाच हा रस्ता घेतला असता तर फक्त अर्धा तास जास्त लागला असता.

३० नोव्हेंबर

रस्त्यावरची चाचणी: सुदामा नगरात घरच्या डायपोलवर (दोन भुजांचा साधा अँटेना) दुसरे स्टेशन, गाडी राऊ, महू, मानपूर. चाचणी मुद्दाम सूर्यास्तानंतर. या दिवसांत दुपारी १० मीटर पट्टा उघडतो आणि हजारो किलोमीटरवरची स्टेशने महूच्या गाडीपेक्षा जोरात येतात, मग स्थानिक तुलना होत नाही.

महूपर्यंत स्वच्छ. मानपूरच्या घाटात उतरल्यावर डोंगराआड आवाज गेला, तो अँटेनाचा दोष नाही.

मोकळ्या मैदानात गाडी गोल फिरवून घरच्या एस-मीटरवर आकडे घेतले. अँटेना डाव्या पुढच्या कोपऱ्यात असल्याने जोर उजव्या मागच्या कोपऱ्याच्या दिशेने, जिकडे गाडीचे लोखंड सर्वांत जास्त आहे. त्या दिशेला आणि उलट दिशेला मिळून जवळपास दोन एस-युनिटांचा फरक. कोणत्या आरशावर बसवायचा हे ठरवताना याचा विचार करावा. डाव्या बाजूला मात्र झाडांच्या फांद्या जास्त लागतात. कॉइलखाली स्प्रिंग घातली, ४०० रुपये. स्प्रिंगमुळे लांबी वाढते, रॉड खोबणीत पुन्हा ८ मिलिमीटर खाली घ्यावा लागला.

डाल्यात सळ्या भरल्यावर आणि ओल्या ताडपत्रीखाली २८.४ चे वाचन १.३ वरून १.५. चालण्यासारखे. त्यासाठी रॉडला हात लावला नाही.

१४ डिसेंबर

पाच आठवड्यांनी पट्ट्यांची तपासणी. केबिनच्या मागच्या दोन्ही पट्ट्या ठीक, विंगनट हाताने आणखी पाव फेरा बसला. बिजागरीची पट्टी २ मात्र टर्मिनलजवळ तुटायला लागली आहे, दहा-बारा तारा गेल्या. कारण सोल्डर: टर्मिनलपासून सोल्डर एक सेंटिमीटर वेणीत शोषला गेला, तिथे ती कडक झाली आणि दार उघडताना नेमकी त्याच जागी दुमडते. नवी पट्टी २६ सेंटिमीटरची, इंग्रजी ‘यू’सारखी लोंबती, टर्मिनल नुसते दाबलेले, सोल्डर नाही, तोंडाशी हीटश्रिंक. दोन्ही दारे उघडून-मिटून वाचन १.३. तुटकी पट्टी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढच्या तपासणीत नव्या पट्टीच्या तोंडाशी किती तारा तुटल्या ते मोजायचे.